हरकतीचा अर्ज

लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि वर्गात हात वर करायलाही मी घाबरतो. शिवाय आजवर एकदाच काही मन लावून लिहिलं होतं, आणि त्याचं काय झालं तेच इथे सांगायचं आहे. तेव्हा या आगाऊपणाबद्दल माफ करा.

घणसोली गावात आई-वडील आणि आम्ही दोघं भावंडं, असे चौघं भाड्याच्या एका खोलीत राहतो. खाली बाजाराची गल्ली. फरसाणवाला, मेडिकल, इस्त्रीवाल्या मावशी, आणि मध्ये बरेच दिवस बंद असलेला एक गाळा. त्या गाळ्यात महापालिकेचा दवाखाना येणार असं कळलं. संध्याकाळी सात ते दहा, खोकल्याची तपासणी, टीबीच्या गोळ्या, सगळं फुकट.

फरसाणवाला हादरला. "खोकणारे लोक माझ्या शेवेसमोर लाइन लावणार? धंदा बसला समजा!"

खोलीमालक काकांनी मला बोलावलं. "तू कालेजान शिकतंस ना? मंग लिव एक अर्ज. आमाला काय तसला लिवाला येतं?"

काकांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची दिली. मी लिहिलं. 'खाद्यपदार्थांच्या दुकानांशेजारी संसर्गजन्य रुग्ण जमल्यास नागरिकांच्या आरोग्यास गंभीर धोका संभवतो.' हे वाक्य काकांनी दोनदा वाचून घेतलं. फरसाणवाल्याने पावशेर चिवडा बांधून दिला.

सह्या चालू असताना आप्पा, माझे वडील, कामावरून आले. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते ठेकेदाराकडे लोखंड घासायचं काम करतात. त्यांनी हात धुतले, पुसले आणि एकेक अक्षर काढत सही केली. "पोरानं लिहिलंय," असं शेजारच्यालाही सांगितलं. अर्ज कशाचा आहे ते विचारलंच नाही. तेव्हा ते थोडे खोकत होते. मला ते ऐकू आलं असणार. धुळीत काम करणारा माणूस खोकतोच, असं आम्ही धरून चाललो होतो.

दवाखाना आला नाही. गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान लागलं.

पुढच्या चार-पाच महिन्यांत आप्पांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. मेडिकलवाला दर आठवड्याला सिरप बदलून देत होता. हॉस्पिटलची ओपीडी सकाळची, आणि आप्पा सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परत येणार. एकदा खाडा करून गेले, तर नंबर लागेपर्यंत तपासणीची वेळ संपली. उद्या या, म्हणाले. दुसरा खाडा झाला असता तर ठेकेदाराने त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला असता. ते रोज आठला त्या गाळ्यासमोरूनच जिना चढत होते. मी वरून बघायचो. जिन्यात ते आता दोनदा थांबत.

मग मी दुसरा अर्ज लिहिला. दवाखाना आमच्याच गल्लीत आणावा, अशी विनंती. तो घेऊन त्याच दुकानांमधून फिरलो.

फरसाणवाल्याने कागद लांब धरून वाचला. "काय पंडित, तेव्हा धोका संभवत होता. आता काय संभवतं?"

"शेठ, आमचे वडील आजारी आहेत."

"कसला आजार?"

मी पेन पुढे केलं. त्याने कागद काउंटरवर ठेवला आणि हात फडक्याला पुसला.

काका वाईट माणूस नाहीत. पण तेही म्हणाले, "आरं, आता कनच्या तोंडानं जाऊ त्या हापिसान? पयला कागद तुज्याच हातचा हाय, नि खाली तुज्या बापाची सही हाय." मग हळूच म्हणाले, "खोली सोडा असं मी नाय बोलनार. पन लोकं बोलतीन."

सही एकट्या इस्त्रीवाल्या मावशींनी केली. "त्या कागदावर मला कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. एका सहीचा तो अर्ज मी महापालिकेच्या ऑफिसात देऊन आलो. त्याचं उत्तर आलं नाही.

एका पहाटे आप्पांच्या रुमालाला रक्त दिसलं. आई म्हणाली, काम गेलं तर जाऊ दे. उजाडायच्या आत आम्ही रिक्षा केली. वाटेत मी कसंबसं म्हटलं, "आप्पा, तो अर्ज होता ना, तो दवाखाना येऊ नये म्हणून होता."

ते बाहेर बघत होते. "चांगला लिहिला होतास," म्हणाले.

त्यांची थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट कळवू, असं सिस्टरने सांगितलं आणि माझा नंबर घेतला. दोन दिवस मी फोन हातातून सोडला नाही. बापाला दुसरं काहीही निघू दे, असं मी मनात म्हणत होतो. दुसरं म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेक्चर चालू असताना फोन आला. मी न विचारताच वर्गाबाहेर गेलो.

"टीबी आहे," सिस्टर म्हणाली. "साध्या गोळ्यांना दाद न देणारा. वडिलांना आजच भरतीसाठी आणा. आणि त्या खोलीत जेवढे झोपता, तेवढे सगळे उद्या तपासणीला या."