रोलांदबाईंच्या केसांची बट

वाल-मोरेलच्या पाळणाघरात रोलांद त्रोतियेबाईंचं वेळापत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोमवारी आकडे, मंगळवारी रंग, बुधवारी हस्तकला, आणि रोज सकाळी गोलात बसून गाणं झालं की हवामान. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बाहेर बर्फाशिवाय काही नसतं, मग विचारायचं काय, असं त्यांचे यजमान रेजां दर हिवाळ्यात म्हणायचे. पण बाई रोज फळ्यावर कापडी ढग लावत. एखाद्या पोराने सूर्य लावायचा हट्ट धरलाच, तर त्याला खिडकीशी नेऊन बाहेर काय आहे ते दाखवत.

हस्तकलेचंही तसंच. त्यांच्या वर्गातले सगळे पेंग्विन एका आईचे. एखाद्याचा डोळा पोटावर चिकटलाच, तर दुपारी मुलं झोपल्यावर बाई तो हलकेच सोडवून जागेवर लावत. पालकांना वाटे, आपलं पोर हाताने किती नेटकं आहे.

एकच गोष्ट बाईंच्या वेळापत्रकाला जुमानत नव्हती, ती म्हणजे इंग्रजी. गाव तसं फ्रेंच बोलणारं, पण इंग्रजी मुलखातलं. लाकडाच्या गिरणीतल्या शिव्यासुद्धा फ्रेंच. पण टीव्ही इंग्रजी, हॉकीचं समालोचन इंग्रजी आणि निम्म्या घरांत आई नाहीतर बाप इंग्रजी. गोलात बसून पोरं फ्रेंच गाणी अगदी सुरात म्हणायची. खेळायला सोडली की ठोकळ्यांच्या कोपऱ्यातून ‘नो, माय टर्न’ सुरू. बाई लगबगीने तिकडे गेल्या की सगळी चिडीचूप. त्यामुळे आपण जिथे असतो तिथे कुणी इंग्रजी बोलत नाही, अशी बाईंची प्रामाणिक समजूत होती.

आणि केली गोसलँ तर काहीच बोलत नव्हती. चार वर्षांची, डोक्यावर लोकरीची टोपी, ती जेवतानाही काढायची नाही. बाप गावातला, आई बाहेरून आलेली. घरी ही मुलगी इंग्रजीत नुसती टकळी लावायची म्हणे. इथे मात्र मान हलवून काम भागवायची. सप्टेंबरपासून बाईंनी तिला रंग, आकडे, फळं, सगळं शिकवून पाहिलं. केली लक्ष देऊन ऐके आणि मान हलवे.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर पाळणाघराला नवी संचालिका आली. मिलेन. ही मिलेन लहानपणी बाईंच्याच वर्गात होती आणि तिने पेंग्विन हिरवा रंगवला होता, हे बाई विसरल्या नव्हत्या. मिलेनने सगळ्यांना बसवून सांगितलं की आता मुलांनी खेळातून शिकायचं, आणि काय खेळायचं तेही मुलांनीच ठरवायचं. मोठ्यांनी जमिनीवर बसावं, बघावं, आणि बोलावलं तर खेळात शिरावं.

“आणि मुलांनी काहीच ठरवलं नाही तर?” बाईंनी विचारलं.

“बाई, मी तुमच्याकडे होते तेव्हा रोज काहीतरी ठरवायचे,” मिलेन म्हणाली. “तुम्हीच मला गाण्याला बसवायचात.”

बाई आज्ञाधारक होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी नवं वेळापत्रक केलं आणि त्यात नऊपासून पावणेदहापर्यंत सुबक अक्षरात लिहिलं: उत्स्फूर्त खेळ. मिलेनने ते वाचलं, गालातल्या गालात हसली, आणि भिंतीवर लावू दिलं.

सोमवारी बाई ठरल्याप्रमाणे जमिनीवर बसल्या. बसल्या खऱ्या, पण कित्येक वर्षांत त्या खाली बसल्याच नव्हत्या. पावणेदहाला उठायला गेल्या तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. खुर्ची हाताला येईना. मिलेनला हाक मारणं तर जिवावर आलं. एलोई नावाचा एक गुबगुबीत मुलगा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. त्याचे बाबा रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतात. त्याने निदान केलं की रोलांद म्हणजे बर्फात रुतलेली गाडी आहे. झालं. पोरांनी गळपट्टे आणले, एकमेकांना बांधले, बाईंच्या कमरेभोवती गुंडाळले आणि काही ओढायला, काही मागून ढकलायला लागली. कुणीतरी ‘पुश, पुश’ असं ओरडलं.

बाईंना काय सुचलं कोण जाणे. “ही गाडी फ्रेंच आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “तिला दुसरी भाषा कळत नाही.”

मुलं क्षणभर थबकली. मग एलोई फ्रेंचमध्ये गरजला, “ढकला!” आणि गाडी घर्र घर्र करत जराशी हलली. ती उभी राहिली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आकडे बुडाले होते, आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्यातली पोरंसुद्धा गाडीशी फ्रेंचमध्ये बोलत होती. केली टोपी घालून लांब उभी होती. ती बोलली नाही, पण गळपट्ट्याचं टोक तिच्याही हातात होतं.

घरी वाटाण्याचं सूप वाढताना बाईंनी रेजांला सगळं सांगितलं.

“म्हणजे पगार घेऊन तू आता मोटार होतेस,” रेजां म्हणाले.

“आणि तुम्ही फुकटात बोलता,” बाई म्हणाल्या.

पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. आठवडाभर गाडी रोज रुतली, रोज निघाली. शनिवार-रविवार बसून बाईंनी पुठ्ठ्याची चाकं कापली, गॅरेजची पाटी रंगवली, हत्यारांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली. पुढच्या सोमवारी उत्स्फूर्त खेळाच्या वेळेला सगळं मांडून त्या वाट बघत बसल्या.

गॅरेजकडे कुणी फिरकलं नाही. पोरांनी खिडकीपाशी खुर्च्या ओढून केस कापायचं दुकान उघडलं होतं. बाईंनी आठवण करून दिली की आपली गाडी रुतली आहे. एलोई मान न वळवता म्हणाला, “ती कालच विकली.” काल तर रविवार होता, पण व्यवहार झाला होता.

बाईंचा चेहरा पडला. थोडा वेळ त्या पुठ्ठ्याच्या चाकांमध्ये तशाच बसून राहिल्या. मिलेन दारातून बघत होती. शेवटी बाई उठल्या, आणि गिऱ्हाइकासारख्या जाऊन खुर्चीवर बसल्या.

त्यांच्यामागे कोण आलं ते त्यांना दिसलं नाही. गळ्याभोवती एप्रन आला. केसांतून एक लहान हात फिरला, त्याने एक बट वेगळी केली, ओढून सरळ धरली. मग कानाशी, अगदी स्पष्ट फ्रेंचमध्ये, आवाज आला:

“हलू नकोस हं, रोलांद. हलशील तर वाकडं होईल.”

तो आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. तरी तो कुणाचा ते त्यांना लगेच कळलं. त्याच वेळी कात्रीचा कच्च असा आवाज ऐकू आला, आणि ही कात्री खोटी नाही हेही कळलं. हस्तकलेची होती ती, कागदाची. बाईंनीच तिला धार आहे ना ते पाहून घेतली होती.

हात वर करायला हवा होता. ओरडायलाही हवं होतं. बाई हलल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपण हललो तर ही परत गप्प होईल.

“अजून थोडं,” केली म्हणाली. “इथे फार लांब आहेत. तुझी आई रागावेल ना?”

“नाही रागावणार,” बाई म्हणाल्या.

“मग कापते.”

मिलेन धावत आली तोवर कपाळावरची चांगली जाड बट जमिनीवर पडली होती. कात्री काढून घेतली गेली, उंच कपाटात ठेवली गेली, आणि खोट्या दुकानात खोट्याच कात्र्या असतात हे सगळ्यांना समजावलं गेलं. केलीने ऐकून घेतलं. या वेळी मान हलवली नाही. आपलं काम अर्धंच राहिलं, असं तिने फ्रेंचमध्येच सांगितलं, आणि ते सांगायला डोक्यावरची टोपीही मागे सारली.

रविवारी चर्चमध्ये लोकांनी रोलांदबाईंच्या कपाळाकडे बघून प्रार्थना केली. केलीची आजी, गोसलँबाई, साखरेचं सारण भरलेला पाई घेऊन बाईंच्या घरी आली. माफी मागता मागता ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. नात तिला फोनवर पहिल्यांदाच फ्रेंचमध्ये म्हणाली होती की आजी, तुझेही कापून देईन. “मी कात्र्या लपवून ठेवल्यात,” ती डोळे पुसत म्हणाली, “पण तिने विचारलं तर डोकं पुढे करीन.”

मंगळवारी रोलांदबाई जिनेतच्या खऱ्या दुकानात गेल्या. जिनेतने बट उचलून धरली, आरशात बघितलं आणि असला उद्योग कुणी केला, असं दुखावल्या स्वरात विचारलं.

“गोसलँची नात,” बाई म्हणाल्या. “बाकीचे तेवढे त्या बटेइतके आखूड कर. आणि तिच्या कामाला नाव ठेवू नकोस.”