दाभणानं शिवलेली पुस्तकं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पाणबुडी मोटारीचं वायंडिंग भरत होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. "मेस्त्रीकाका, आप्पा गेलं. जेवून आडवं झालं व्हतं, ते उठलंच न्हाईत." मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि हातातली कॉइल पूर्ण केली. एक वेढा चुकला नाही. नंतर मला त्या गोष्टीचीच जास्त भीती वाटली... ती मोटार आज कुणाच्या तरी बोअरमध्ये चालू आहे, तक्रार नाही. मग शटर ओढलं, गाडी काढली आणि नारायणगावातून राजुरीला गेलो. रस्त्यात काय लागलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. या गोष्टीला महिना उलटून गेला. लोक म्हणतात, रडून घे, मोकळा होशील. येत नाही रडू, त्याला मी काय करू? दुकान उघडतो, मोटारी भरतो, जेवतो, झोपतो. फक्त पुस्तक हातात घेतलं की एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येत नाही.

दत्ता राजुरीचा शेतकरी. टोमॅटो आणि कांदा करायचा. आमची ओळख झाली ती त्याच्या जळालेल्या मोटारीमुळं. न्यायला आला तर मोटार तयार नव्हती, म्हणून माझ्या बाकावर पडलेली कादंबरी उचलून बसला. संध्याकाळी कादंबरी घेऊन घरी गेला आणि मोटार दुकानात विसरला. घरचे लोक पाण्यासाठी खोळंबले होते. अशा माणसाशी दोस्ती होणारच. पुढं एकदा जुन्नरच्या पुस्तक प्रदर्शनात एका जाड कादंबरीची एकच प्रत उरलेली आणि तिच्यावर आम्हा दोघांचेही हात. तो म्हणाला, तू आधी वाच. मी म्हणालो, तू वाच. पण हात कुणीच काढेना. शेवटी दुकानात येऊन त्यानं ती प्रत व्हाइसमध्ये आवळली, माझी लोखंड कापायची हॅक्सॉ उचलली आणि कण्यातून सरळ दोन तुकडे केले. जाडी बघून मधोमध कापली होती, त्यामुळं माझ्या वाटणीचा तुकडा अर्ध्या वाक्यावर संपला. दार उघडलेलं, आणि दारात कोण उभं आहे ते त्याच्याकडं. आठ-दहा दिवस मी ते उघडं दार डोक्यात घेऊन फिरलो. त्यानंतर मात्र प्रकरण संपेल तिथंच कापायचं ठरलं.

मग ती रीतच पडली. पहिला भाग आधी त्यानं वाचायचा, तो मला द्यायचा आणि स्वतः दुसरा सुरू करायचा. मी कायम अर्धं पुस्तक मागं. माझं वाचून होईपर्यंत दोघांनीही त्यावर चकार शब्द काढायचा नाही. माझंही झालं की तो टोमॅटोचे क्रेट बाजारात खाली करून दुकानात यायचा. खिशात दाभण आणि टोमॅटो बांधायची सुतळी. दोन्ही भाग मांडीवर जुळवून, पोतं शिवावं तसं पुस्तक शिवायला घ्यायचा आणि मत द्यायला सुरुवात करायचा. शेवटची गाठ बसली की बोलणं बंद. मला जे काही भांडायचं असेल ते त्यानंतर. आमच्या दोघांच्या घरी अशी दाभणानं शिवलेली पुस्तकं फळ्या भरून आहेत. पाहुणे विचारतात, ही उंदरांनी कुरतडली का?

गेल्या वर्ष-दीड वर्षातलं त्याचं बोलणं अजून कानात आहे. बिबट्यावरची एक कादंबरी आम्ही वाचली. तिचं खूप कौतुक झालं होतं. त्यातला बिबट्या शेवटपर्यंत दिसत नाही, तो नायकाच्या मनातलं भय असतो वगैरे. दत्तानं दोन टाके घातले आणि म्हणाला, "बिबट्या उसात आसतो राव. माझी कालवड त्याच्या मनातल्या भयानं न्हेली व्हय?" मला ती कादंबरी आवडली होती. अजूनही आवडते. त्या दिवशी आमचा चहा थंड झाला, पण दोघांपैकी कुणीच हटलं नाही. एका निवृत्त साहेबाचं आत्मचरित्र त्यानं चार टाक्यांत उरकलं. "सगळ्या पुस्तकात एकबी चूक ह्याची न्हाई. आसा मानूस माझ्या बांधाला नको." पण एका परिचारिकेच्या आठवणींचं पातळसं पुस्तक होतं, साधं, कुठं कुठं कंटाळवाणंसुद्धा. ते त्यानं गाठीपर्यंत शिवत आणलं. मग म्हणाला, "ही बाई लई बोलत न्हाई. म्हनून खरं वाटतं." आणि रहस्यकथेच्या वेळी तर त्यानं शेवटचं प्रकरण वेगळं कापून घरी ठेवलं. कांदा काढणी होईपर्यंत मला दिलं नाही. खुनी कोण म्हणून मी रोज फोन करायचो, तर म्हणायचा, "ये की कांदा काढायला, सांगतो." गेलो. खरंच गेलो, दोन दिवस कांदा काढला.

या भागातल्या लेण्यांवरचं एक पुस्तक त्याला फार लागलं होतं. ते शिवायला दुकानात नको म्हणाला, लेण्याद्रीला जाऊ. माझे गुडघे बोलायला लागलेले, तरी नेलंच. गणपतीचं दर्शन झालं आणि हा बाजूच्या लेण्यांमध्ये दगड बघत सुटला. पायरीवर बसून दाभण काढलं. त्या पुस्तकात होतं की या डोंगरांतल्या लेण्यांना राजांनीच नाही, तर दाणेवाल्यांनी, बुरुडांनी, कासारांनीही दान दिलंय आणि दगडात तसं लिहून ठेवलंय. "मेस्त्री, धा लोकांनी मिळून केलं तर टिकतं बघ," तो म्हणाला. "आपन दोघं एक पुस्तक घेतो, त्यात तरी काय येगळं हाय?" मी धापा टाकत होतो, त्यामुळं वाद घालायचा राहून गेला.

शेवटचं पुस्तक धरणाचं होतं. डोंगरातलं भातशेतीचं एक गाव, त्यातलं एक घर, आणि हळूहळू जवळ येणारं पाणी. लेखक कुठला, धरण कुठलं, काही नाव घेतलेलं नाही. पण दत्ताचं आजोळ आंबेगावच्या पश्चिम भागातलं. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. पोरपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यानं तिथं काढलेल्या. एकदा मला काठावर घेऊन गेला होता. पाण्याकडं बोट करून म्हणाला, "तिथं मामाचं घर व्हतं." मला पाणीच दिसलं. हे धरणाचं पुस्तकही आम्ही कापलं. आणि पहिला भाग मला द्यायला आला तेव्हा म्हणाला, "मेस्त्री, ह्या बारीला आधी तू बोल. माझं आजोळ हाय त्यात. माझं मत काय खरं धरू नको." इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच आधी बोलायला सांगितलं. मी हसलो. मला काय कळणार, आमचं गाव कधी बुडालं नाही. लेखकाला ते जमलंय की नाही, हे जगात एकाच माणसाकडून मला ऐकायचं होतं... ती आमची शेवटची भेट.

पहिला भाग मी तो असतानाच वाचून संपवला होता. दुसरा त्याच्या घरी. दहाव्याला गेलो, तेराव्याला गेलो, पण मागायला तोंड उघडेना. मयताच्या घरी जाऊन पुस्तक काय मागायचं? मागच्या आठवड्यात शेवटी दत्ताच्या बायकोनं, शांतावहिनींनीच निरोप धाडला. गेलो तर त्यांनी अर्धं पुस्तक आणि दाभण पदरात धरून आणलं. पानांत सुतळीचा तुकडा होता, खूण म्हणून घातलेला. बरीच पानं त्याच्या पुढं होती.

"वाचून झालं नव्हतं का त्याचं?" मी विचारलं.

"न्हाई, भाऊ. लई दिस तितंच अडाकलं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "रोज हातात घ्यायचं, तेवढंच पान बघायचं आन् ठिवायचं. मी म्हनायची, वाचा की फुडं. तर म्हनायचं, राहू दे. आजून गाव कोरडं हाय."

मी पुस्तक घेऊन परत आलो. दुकानात बसून एकेक पान रेटत त्या सुतळीपर्यंत वाचलं. त्या पानावर काही घडत नाही. घरातली माणसं जेवायला बसलीत, ताटात भात आहे, एक पोरगं आणखी मागतंय. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत पाणी आहे, एवढं दिसलं आणि मी पुस्तक मिटलं. छातीत दुखल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं म्हणायचं.

त्यानं मला आधी बोलायला सांगितलंय, तर बोलतो. पुस्तक चांगलं आहे. लेखकाला जमलंय. नसतं जमलं तर दत्ता दोन शिव्या हासडून शेवटापर्यंत गेला असता आणि चार टाक्यांत त्याचा निकाल लावला असता. तो तिथं थांबला, यापेक्षा मोठं मत माझ्याकडं नाही. शेवट कसा आहे ते मला विचारू नका, मीही सुतळीपर्यंतच वाचलंय. दोन्ही भाग दुकानात फळीवर आहेत, शेजारी त्याचं दाभण. शिवायला घेतलेलं नाही. घेणारही नाही बहुतेक... आमच्या पुस्तकात अजून गाव कोरडं आहे.