अकरा माडांचं भिंग

मालवणच्या बाजारातलं भिकाजी घड्याळजीचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, आणि तिसरा आला तर दुसऱ्याने जायचं. भिकाजी सकाळपासून उजव्या डोळ्यात भिंग खुपसून बसलेला असायचा. वीस वर्षं ते भिंग भुवईखाली चिमटून धरल्यामुळे त्या डोळ्याभोवतीची कातडी पानसुपारीच्या चंचीच्या तोंडासारखी चुणून गेली होती.

"माझ्या घोवाक एकाच डोळ्यान दिसता," त्याची बायको शेवंती शेजारणींना सांगायची. "आमचा गळता छप्पर त्या दुसऱ्या डोळ्याच्या बाजूक येता, म्हणान दिसणा नाय."

या भिकाजीने साठ साली आकाश बघायची दुर्बीण बनवली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका जुन्या मासिकात वाचलं आणि डोक्यात घेतलं, एवढंच. काचा दिल्या दांडीच्या किनाऱ्यावरच्या धोंडू तांडेलाने. हा धोंडू सत्तरीचा म्हातारा. उभा जन्म शिडाच्या तारवांवर कोचीपासून कराचीपर्यंत गेलेला, आणि डावा डोळा दोराच्या फटक्याने तरणेपणीच घालवून बसलेला. मोडीत गेलेल्या कुठल्याशा बोटीच्या गोल खिडक्यांच्या तळहाताएवढ्या दोन जाड काचा त्याच्या घरात होत्या. त्याची सून सुभद्रा त्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून ठेवायची. भिकाजीने त्या लोणच्यासकट उचलल्या आणि धुऊन घेतल्या.

मग एक काच दुसरीवर ठेवून, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालून, तो सात महिने घासत बसला. संध्याकाळ झाली की पडवीतून खर्र खर्र सुरू.

"इतक्या दिवसांत वाटप वाटला असता," शेवंती म्हणायची, "तर आख्ख्या मालवणाक सागोती घातली असती."

शेवटी सोनाराकडच्या लाल पुडीने घासून खोलगट झालेली काच लखलखली, फोटोवाल्याकडच्या रसायनाने चांदीचा मुलामा चढून तिचा आरसा झाला, आणि होड्या बांधणाऱ्या सुताराने फणसाच्या फळ्यांची चौकोनी नळी करून दिली. राहिलं डोळा लावायचं भिंग. तिथे भिकाजीने आपलं घड्याळाचंच भिंग बसवलं. चंद्र दिसला, त्याचे खड्डे दिसले. आळी जमली, बघून गेली. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

गाडं अडलं ते धोंडू तांडेलाशी. त्याच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. फाल्गुनात मिरजेला नेऊन काढून टाकायचा असं घरात ठरलं होतं. उशीर केला तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. आणि म्हातारा हटून बसला.

"डोळो कापूक दितलंय," तो म्हणाला. "पण आधी माका कृतका मोजूच्यो आसत."

कृतका म्हणजे कृत्तिकांचा तो चांदण्यांचा घोस. धोंडू दहा वर्षांचा असताना बापाने त्याला तारवावर उभा करून विचारलं होतं, किती दिसतात? सहा, म्हणाला. थोबाडीत बसली. सात आहेत, परत मोज! परत सहा. परत थोबाडीत. त्यानंतर साठ वर्षं त्या चांदण्यांवर नजर ठेवून त्याने सुकाणू धरलं, आणि दर खेपेला सहाच मोजल्या.

"एक डोळो गेल्यार वाटला, बापूस खरो असात. आता हो पण कापूचो. कापून बरो झालो तर बरो, नाय झालो तर माका कोण सांगतलो? तू?"

भिकाजीने त्याला दुर्बिणीला बसवलं. पण घड्याळाच्या भिंगातून आभाळाचा तुकडा दिसायचा अगदी चिमटीएवढा. कृतका एकदम मावेचनात. चार दिसायच्या, नळी सरकवली की दोन जायच्या आणि तीन नव्या यायच्या. म्हाताऱ्याने आधी तेवीस मोजल्या, मग चौदा, मग एकतीस.

"मेल्या, त्योच त्यो फिरवन दाखवतंस माका! कुडाच्या भोकातसून लगीन बघितल्यासारख्या झाला. नवरो दिसता तेव्हा न्हवरी नाय, न्हवरी दिसता तेव्हा भटच फुडे!"

भिकाजीला ते पटलं. दोष आरशात नव्हता, डोळ्याकडच्या भिंगात होता. मोठा पट्टा एका नजरेत दाखवणारं भिंग हवं होतं, आणि विलायतेहून ते मागवायचं तर दुकान विकून वर शेवंतीच्या पाटल्या घालाव्या लागल्या असत्या. म्हणून त्याने मुंबईला गोदीत असलेल्या चुलतभावाला, सत्यवानाला, पत्र टाकलं.

माघात आंगणेवाडीच्या जत्रेला सत्यवान आला तो बिस्किटांचा डबा घेऊनच. आत चिंध्यांत गुंडाळलेली तीन भिंगं.

"लढाईतला भंगार," सत्यवान म्हणाला. "एक रणगाड्याचा, एक दुर्बिणीचा, एक विमानातला असा म्हणता. एक ठेव, दोन मी गुरवारच्या बोटीन परत नेतलंय. मेलो भंगारवालो वजनावर इकता, लोखंड आणि भिंग एकाच काट्यार!"

रणगाड्याचं भिंग शहाळ्याच्या तोंडाएवढं, हातात घेतलं की मनगट वाकावं असं. अर्थात तेच महाग, अकरा रुपये. दुर्बिणीचं सोललेल्या सुपारीएवढं, दोन रुपये. विमानातलं कोकमाच्या रातांब्याएवढं, रंग उडालेलं, चार रुपये.

भिकाजीने मंगळवारी सकाळी दुर्बीण किनाऱ्यावर नेली आणि समोरच्या किल्ल्यातल्या माडांवर धरली. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, म्हणजे माड शेंड्यावर उभे. पण मोजायला काय हरकत? ज्या भिंगात जास्त माड मावतील ते भिंग रुंद, हा त्याचा सरळ हिशेब. घड्याळाच्या भिंगात चार माड आले. सुपारीत पाच. रातांब्यात नऊ. रणगाड्यात अकरा!

"ह्याच!" भिकाजी म्हणाला, आणि बाकीची दोन डब्यात घालून सत्यवानाच्या स्वाधीन केली.

बुधवारी दिवेलागण झाल्यावर धोंडू तांडेल काठी टेकत भिकाजीच्या अंगणात आला, मागून सुभद्रा. रणगाड्याच्या वजनाने नळीचं तोंड सारखं खाली येत होतं, म्हणून शेवंतीने दुसऱ्या टोकाला आपला वरवंटा बांधून दिला होता. कृतका माथ्यावर होत्या. म्हाताऱ्याने डोळा लावला.

"ह्या काय रे?" म्हातारा म्हणाला. "मधी चांदण्यो आणि कडेक सगळ्यो कोयत्यो! मोजू की भात कापू?"

भिकाजीने स्वतः बघितलं. खरंच. मधल्या चांदण्या टाचणीच्या टोकासारख्या, आणि कडेच्या सगळ्या ओढून, वाकवून ठेवलेल्या. दोन जवळजवळच्या असल्या की एकीत एक गुंतलेल्या. मोजायची सोयच नाही.

म्हातारा उठला. "चल गो सुभद्रा. मिरज ऱ्हवली."

सुभद्रा जागची हलली नाही. भिकाजीकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमच्या ह्या नळयेच्या नादान मामांचो डोळो जातलो. मगे लोणच्यार झाकाण घालूक तुमका बोलवतलंय."

भिकाजी नळी सावरत म्हणाला, "काकानू, दिवसा बघितलंय तेव्हा बरा होता हो. कायएक वाकडा दिसला नाय."

"दिवसा काय बघितलंस?"

"माड."

म्हातारा दोन पावलं जाऊन थांबला. मग त्याला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकता खोकता तो परत घडवंचीवर बसला.

"माड? मेल्या, दर्येवयलो माड कधी सरळ बघितलंस? तुझ्या भिंगान वाकवलो काय वाऱ्यान वाकवलो, कसा कळतला तुका? घड्याळजी तो घड्याळजीच! सरळ काय ता बघूचा झाला तर डोलकाठी बघूक होयी होती!"

भिकाजीने कपाळावर हात मारला. माडांच्या बनात जन्म गेला, आणि वाकडा माड त्याच्या डोळ्याला सरळच वाटत होता.

गुरुवारी उजाडताच तो दुर्बीण खांद्यावर घेऊन सत्यवानाच्या घरी धावला, तर सत्यवान ट्रंक घेऊन बंदरावर गेलेला. बंदरावर गाठला. डबा ट्रंकेच्या तळाला, वर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे.

"आता काढूचो? बोटीचो धूर दिसाक लागलो!"

"काढ रे सत्या. म्हाताऱ्याचो डोळो तुझ्या बांगड्यांखाली आसा."

सत्यवानाने शिव्या देत ट्रंक उघडली. भिकाजीने दुर्बीण तिथेच एका उलट्या होडीवर टेकवली आणि नांगरून ठेवलेल्या मचव्याच्या डोलकाठीवर धरली. आधी रणगाडा. काठी मध्ये होती तोवर सरळ. कडेला नेली तशी गळाला मासा लागल्यासारखी वाकली आणि तिला शेजारी दुसरी सावली फुटली. मग सुपारी. काठी सरळ, पण मचवा अर्धाच. मग रातांबा. भिकाजीने काठी मधून हळूहळू कडेकडे नेली. सरळ. अजून सरळ. अगदी शेवटच्या कडेला जराशी लवली, तेवढंच. परत नेली, परत आणली. उलट्या होडीला पाठ टेकून बसलेला एक खलाशी म्हणाला, "काठी मोडीत नेतंस काय रे?"

"ह्याच ठेवतंय," भिकाजी म्हणाला. "नऊ माडांचा."

"चार रुपयांचा!" सत्यवान ओरडला. "सात रुपये वाचवन माझे बांगडे नासवलंस!" आणि उरलेली दोन भिंगं कोंबून तो बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढला.

त्या संध्याकाळी म्हातारा येईल की नाही याचा भरवसा नव्हता. पण आला. सुभद्राने हाताला धरून आणला असं शेवंतीचं म्हणणं, आपणच आलो असं त्याचं. वरवंटा आता लागला नाही. तो कडेला ठेवून शेवंतीही उभी राहिली.

धोंडूने डोळा लावला. भिकाजीला वाटलं, मोतीबिंदूपुढे चार रुपयांचं भिंग काय करणार.

"दुधात बुडवल्यासारख्यो आसत," म्हातारा हळू म्हणाला. "पण आसत. सगळ्यो एकाच ताटात." आणि मोजू लागला. "चार. पाच. सहा." थांबला. "सात." पुन्हा थांबला. "बापूस जितलो."

डोळा मात्र त्याने नळीवरून काढला नाही.

"आठ," म्हातारा म्हणाला. "नऊ. अरे… धा, अकरा…"

अठ्ठावीसपर्यंत गेला आणि मांडीवर थाप मारून सोडून दिलं. "ह्यो तर माशांची आख्खी रापण ओढल्यासारख्यो! तो सात म्हणालो, मी सहा म्हणालंय. दोघांय चुकलांव. थोबाडीत तेकाय बसूक होयी होती, पण मारतलो कोण?"

डोळ्याचं पाणी पुसत तो उठला. पाणी मोतीबिंदूचं की कसलं, ते कुणी विचारलं नाही. काठी शोधत म्हणाला, "सुभद्रा, मिरजेची येष्टी किती वाजता सुटता गो?"

सुभद्रा मट्कन पायरीवर बसली. शेवंतीने तिला पाणी दिलं आणि भिकाजीला चहा, न मागता. तो चहा भिकाजी गार होईस्तोवर हातात धरून बसला होता.

चैत्र सरता सरता भिकाजीच्या पायरीवर सावली पडली. त्याने डोळ्यातलं भिंग काढून वर बघितलं. नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून धोंडू तांडेल उभा होता. काठी काखेत. त्याने दुकान बघितलं, टांगलेली घड्याळं बघितली, वाकून भिकाजीचा चेहरा बघितला.

"भिकाजी," तो म्हणाला, "तुझ्या डोळ्याची पार चंची झाली हा रे. आणि माका कोणी सांगूकच नाय!"