कॅसेटची मागची बाजू

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मायला न्हाई, ज्याच्या रिक्षात हे घडलं त्या मामालाबी न्हाई. तुमाला सांगतो — तुमी मला ओळखत न्हाई, म्हणून जीभ वळत असंल.

तसा मी गप बसणारा माणूस न्हाई. नांदूरघाटच्या पल्याड आमचं गाव, आन गावात माझी एकच ओळख — आवाज काढणारा. हेडमास्तर, एस.टी.चा कंडक्टर, रेडिओवरला बातम्यावाला. हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा शाळा सोडून दिलती, अर्धी पोरं खरंच घरी गेलती. मंग सरकारी दवाखान्यानं कामाला धरलं. पोलिओच्या डोसाची जाहिरात कॅसेटवर भरायची, मामाच्या रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव फिरवायची. "नागरिकांना कळविण्यात येते की —" हा आवाज माझा. बाया पाण्याची घागर खाली ठेवून ऐकायच्या. सरकारच बोलतंय की.

हसलात ना? हसून घ्या.

मी जसं सरकारचं बोलायचो तसंच दिगंबर पेंटर भिंतीवर रंगवायचा. लहान कुटुंब, नवरा-बायको, दोन लेकरं, आन खाली कोपऱ्यात बारीक सही — दिगंबर पेंटर. त्याचा दोस्त महालिंग अप्पा. अप्पाचं कटलरीचं दुकान, बांगड्या, रिबिनी, टिकल्या. दोघं एका ताटात जेवायचे. गाव दोस्तीच म्हणायचं. मीबी म्हणायचो.

एका दुपारी पेंटरनं मला खोलीवर बोलावलं. अप्पा मान खाली घालून बसलेला. पेंटरनं कागद दिला, भिंतीवरल्यासारखंच वळणदार अक्षर.

"हे तुझ्या सरकारी आवाजात भर. आमाला एकदा ऐकायचंय."

मी वाचलं. वर पाह्यलं. तो म्हणला, "अप्पाला घरचे पोरी दाखवायलेत. आमचं लग्न कोण लावणार बे? निदान कुणीतरी जाहीर केल्यासारखं कानावर तरी पडू दे."

कोरी कॅसेट नव्हती. डोसाच्या कॅसेटची मागची बाजू मोकळी व्हती, तिच्यावर भरलं. "नागरिकांना कळविण्यात येते की, दोन जाणत्या माणसांनी एकमेकांना पसंत करून एका घरात संसार मांडला, तर ते दोघेही पुरुष असले तरी त्याला लग्नच म्हणावे. त्यांना कोणीही त्रास देऊ नये. जनहितार्थ जारी."

कागदावर एवढंच. पण मला ऱ्हावलं न्हाई. जरा थांबून मी पदरचं जोडलं — "श्री. दिगंबर पेंटर आणि श्री. महालिंग अप्पा यांचे हार्दिक अभिनंदन."

अप्पा हसता हसता रडाया लागला. तीनदा लावायला लावलं. मंग पेंटर म्हणला, "आता पुसून टाक." मी म्हणलो, "हौ."

पुसलं न्हाई. कावून? मला त्यांच्याबद्दल काई वाकडं वाटत व्हतं का? न्हाई हो. ते माझं सगळ्यात भारी काम व्हतं. ते कुणीच ऐकायचं न्हाई — हे मला सोसंना. एवढंच कारण. दुसरं शोधून पाह्यलं, सापडलं न्हाई.

बाजाराचा दिवस. मामा तंबाखू आणायला उतरलेला, रिक्षात मी एकटा. हॉटेलाच्या बाकड्यावरून पोरं वरडली, "बे, डोस डोस ऐकून कान किटले. कायतरी मजेशीर लाव की."

आन भोंग्यातून ते निघालं.

आता ऐका, कारण हे मी मलाबी नीट सांगितलेलं न्हाई. लोक हसले न्हाईत. चिडलेबी न्हाईत. ऐकत उभे ऱ्हायले, जसे डोसाचं ऐकतात. एक म्हातारी भाजीवालीला म्हणली, "काडलं असंल सरकारनं कायतर." दुसरी म्हणली, "काडू दे, आपलं काय जातंय." मी गालात हसत व्हतो. बाजारानं ते पचवलं व्हतं. माझा आवाजच तसा.

मंग आलं "जनहितार्थ जारी". त्याच्यापुढं मोकळी जागा व्हती — मीच थांबलो व्हतो ना तिथं भरताना. पुढं काय येणार हे आमा तिघांबिगर कुणालाच ठाऊक न्हाई. माझं बोट बटणावर व्हतं.

दाबलं न्हाई.

नावं झाली. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. अप्पा समोरच बाजारापुरतं दुकानाचं पाल टाकून बसलेला, एका पोरीला रिबीन मापून देत व्हता. त्यानं मान वर केली न्हाई. मापतच ऱ्हायला — हात, दोन हात, तीन हात. पोरीच्या बापानं तिला दंडाला धरून ओढून नेलं तरी मापतच व्हता. मंग त्याचे चुलतभाऊ आले. चौघं. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. नुसतं उठवलं आन मधात घेऊन चालाया लागले.

त्या दिवसापासून अप्पाचं दुकान उघडलं न्हाई. लातूरकडं लग्न लावून दिलं म्हणतात. आन पंचक्रोशीतल्या भिंतींवर एक-एक करून पेंटरच्या सहीवर डांबर फासलं गेलं. वरचं नवरा-बायको, लेकरं तशीच हसत. कोपऱ्यात तेवढा काळा डाग. जाहिरात घेऊन कुठंबी गेलो की तो डाग आधी दिसायचा.

मी सगळ्यांना सांगितलं — चुकून लागली, बाजू उलटी पडली. लोकांनी मानलं. टेप वापरणाऱ्याला कळायला पायजे व्हतं. मामाचा टेप साधा. कॅसेट आपली आपण पलटत न्हाई. झाकण उघडा, काढा, फिरवा, घाला, दाबा.

आठ दिवसांनी पेंटर घरी आला. हातात ब्रशांची पिशवी. मांजरसुंब्याला हायवेवर जाऊन भेटंल तो ट्रक धरणार म्हणला. मी उंबऱ्यातच उभा. त्यानं एकच इचारलं.

"चुकून झालं ना बे?"

"हौ, भाऊ. चुकून."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मंग मनाला लावून घेऊ नको. अप्पाला भेटलो तर तसंच सांगतो. निरोप आलाय त्याचा, त्याला लई वाटायलंय, तू मुद्दाम केलं म्हणून."

चार वर्षं झाली. त्यानं सांगितलंबी असंल. अप्पानं मानलंबी असंल.

मुद्दाम केलं. पलटली मी, आन बोट बटणावर असताना नावं जाऊ दिली मी. अप्पाला जे वाटत व्हतं, तेच खरं व्हतं.