उजव्या हाताची सुरी

नवागामच्या कामगार वस्तीत वाल्मिक लोहाराचं नाव घ्या, कुणीही तुम्हाला त्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणून सोडेल. मूळचा शिरपूरकडचा. पूर्वी मागाचे सुटे भाग ठोकायचा, आता हॉटेलवाल्यांसाठी जपानी धाटणीच्या लहान सुऱ्या घडवतो. वीतभर पातं, पण काकडीची चकती अशी निघते की आरपार दिसावं. हात सोन्याचा, डोकं दगडाचं! असं त्याची बायको शोभाबाईच म्हणते, तेही तो घरी नसताना.

ह्या सुरीची एक खोड असते. धार एकाच अंगाला, दुसरं अंग सपाट. उजव्या हाताची सुरी वेगळी, डाव्याची वेगळी. चुकीच्या हातात गेली की पातं वाकडं पळतं. वाल्मिकनं हे गिऱ्हाइकांना इतक्यांदा बजावलं होतं, की शोभाबाईला ते पाठ झालं होतं. आणि लेक धनश्री तर जन्माची डावरी!

लहानपणी पोरीनं प्रसादाला डावा हात पुढे केला, तेव्हा बापानं भर पंगतीत पाठीत धपाटा घातला. मग जेवताना तिचा डावा हात चिंधीनं बांधायचा. पोरगी बापासमोर उजवी झाली. बाप घराबाहेर पडला की मात्र सुरी डाव्या हातात. मायलेकींनी हे इतकी वर्षं झाकून ठेवलं.

धनश्री आता शहराच्या श्रीमंत वेसू भागातल्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात लागली होती. सोमवारी मुख्य आचाऱ्यासमोर भाजी कापून दाखवायची, जमलं तर नोकरी पक्की. बापानं हौसेनं तिच्यासाठी सुरी घडवली. शोभाबाईनं पातं उलटसुलट करून निरखलं. धार उजव्या अंगाला होती, म्हणजे सुरी उजव्या हाताची.

सुरी कुणी हातात देत नाही, वैर येतं म्हणतात. वाल्मिकनं ती पाटावर ठेवली. धनश्रीनं उचलून रीतीप्रमाणे आधी लिंबू कापलं, बापाच्या देखत, उजव्या हातानं. फोडी लहानमोठ्या झाल्या. बाप त्या फोडींकडे बघत राहिला.

"नको नेऊ गं ती," शोभाबाई दाराशी कुजबुजली.

"पप्पा विचारतील ना? चालशे, चालून जाईल मम्मी," म्हणत पोरगी गेलीसुद्धा.

सोमवारी शोभाबाईनं ताट तसंच बाजूला सारलं. घाईगडबडीत पोरीचा डावाच हात पुढे येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी काय व्हायचं ते होवो म्हणून ती शेडमध्ये शिरली.

"आयका जरा. आपली धनू डावरी शे. अजून बी."

वाल्मिकनं पातं घासणं थांबवलं नाही. "माले ठाऊक शे. म्हनीसन तं उजवा हातनी बनाडी. सवय मोडी जाई तिनी."

इतकी वर्षं झाकलेलं ह्याला सगळं माहीत होतं, आणि तरी ह्यानं पोरीला हेच पातं दिलं! शोभाबाई ओरडणार, तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. हॉटेलातून होता. आवाज धनश्रीचा नव्हता. "धनश्रीच्या डाव्या हातातली सुरी वाकडी पळाली, उजव्या हाताची बोटं कापली, लगेच या!"