वाघोलीच्या शेडबद्दलचा खुलासा

‘बावीस वर्षे कंपनीच्या अन्नावर वाढलेल्या एका माणसाने वाघोलीत गुपचूप स्वतःचा कारखाना थाटला. परंतु आमच्या विश्वासू सूत्रांनी वेळीच खबर आणली आणि आमच्या वकीलसाहेबांनी पहिल्याच तारखेला त्याचा डाव उधळून लावला.’

हे वाक्य हडपसरच्या एका कंपनीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापून आले आहे. त्यातला वकीलसाहेब मी. स्मरणिकेसोबत शाल, श्रीफळ आणि समारंभाचे निमंत्रणही आले. शाल मी परत पाठवली. नारळाची तोवर घरी चटणी झाली होती, म्हणून तो राहिला.

स्मरणिकेचे संपादक म्हणजे मालकांचे चिरंजीव, शेखर. मी त्यांना फोन केला.

“शेखर, पान बेचाळीसवर चूक आहे.”

“काका, तिथे तर तुमचं कौतुक आहे!”

“तीच चूक. खुलासा छापा.”

“स्मरणिकेत खुलासा कोण छापतं हो? आणि खरं सांगू का, स्मरणिका वाचतं तरी कोण?”

दुसरा प्रश्न बिनतोड होता. तरीही चाळीस वर्षे दिवाणी दावे चालवलेल्या माणसाच्या नावावर खोटी फुशारकी खपवून घेतली जाणार नाही. खुलासा मी इथे करतो.

कंपनी प्लेटिंगची. लोखंडी बोल्ट, बिजागऱ्या, ब्रॅकेट यांना गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर जस्ताचा पातळ थर चढवतात. टाकीतल्या रसायनाच्या पाण्यात वस्तू बुडवायची आणि वीज सोडायची. त्या पाण्याला बाथ म्हणतात. त्यात ब्राइटनर नावाचे औषध ठरावीक प्रमाणात घातले की थराला चकाकी येते. कमी पडले तर काम काळपट दिसते, जास्त झाले तर थराचे पापुद्रे निघतात. या कामात ज्यांचा हात बसला होता ते सुधाकर गावंडे. मूळचे वाशीमकडचे. हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन झाले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस पूर्ण भरली आणि त्या तीन महिन्यांत आपल्या जागेवर येणाऱ्या माणसाला शिकवून तयार केले. पान बेचाळीसवर याचा उल्लेख नाही.

नोकरी सुटल्यावर पंधरा दिवसांनी गावंडे बुधवार पेठेतल्या माझ्या ऑफिसात आले. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि एक पत्रिका. वाघोलीला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे प्लेटिंग सुरू करत होते. पत्रिकेवर सर्वांत वर गणपती, खाली ‘आशीर्वाद’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत मालकांचे नाव. मालक म्हणजे मुकुंदराव.

“गावंडे, हे नाव त्यांना विचारून छापलंत का?”

“विचारायचं काय जी त्यात? देवाले काय विचारून छापते का माणूस?”

“देव दावा लावत नाही.”

ते मोकळेपणाने हसले. “तुम्हीबी या ना जी साहेब. नक्की या.”

त्याच संध्याकाळी मुकुंदरावांनी मला हडपसरला बोलावले. त्यांच्या टेबलावर तशीच पत्रिका पडली होती. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी उघडलाही नव्हता.

“माझ्याच नावाने माझ्याच विरुद्ध दुकान! अहो, याची हिंमत बघा.”

“हिंमत नाही ती, भाबडेपणा आहे.”

“मराठीचा तास नंतर घ्या. त्याने लिहून दिलंय, नोकरी सोडल्यावर तीन वर्षं हा धंदा करणार नाही म्हणून. लावा दावा.”

“त्या कागदाला कोर्टात किंमत नाही.”

ही गोष्ट वाचकांनाही सांगायला हवी. आपल्याकडे नोकरी सोडून गेलेल्या माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार टिकत नाही. करार कायद्याचे कलम सत्तावीस. नोकरीत असेपर्यंत बंधन घालता येते. माणूस बाहेर पडला की त्याचे हात त्याचे.

“मग तो कागद मी बावीस वर्षं कपाटात कशाला ठेवला?”

“कपाट तुमचं, कागद तुमचा. मला विचारून केला नव्हतात.”

“अन् तुम्हाला मी कशाला ठेवलंय?”

याला उत्तर देणे मला भाग होते. “एक रस्ता आहे. गुपित. कंपनीचं गुपित घेऊन माणूस गेला असेल, तर कोर्ट त्याला थांबवू शकतं.”

“नेलंच की! ब्राइटनरचं प्रमाण.”

“ते लिहून ठेवलंय कुठे?”

“गावंडेच्या डोक्यात.”

“म्हणजे ते गावंडेचं झालं.”

मुकुंदरावांनी पत्रिकेवरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवले. त्यांचा राग साधा नव्हता. ज्याला मुलासारखे वाढवले तो निरोप घेऊन गेला, आणि जाताना पाया पडून गेला. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. मग ते म्हणाले, “मी जाणार नाही. तुम्ही जा. डोळे उघडे ठेवून जा.”

मी गेलो. पान बेचाळीसवरचे ‘विश्वासू सूत्र’ ते हे. अनेकवचन निव्वळ माझ्या सन्मानार्थ असावे.

वाघोलीच्या मुख्य रस्त्यापासून आत, नव्या इमारतींच्या मागे ती शेड होती. चार टाक्या, एक बॅरल, एक जुना रेक्टिफायर. रेक्टिफायर म्हणजे बाथला वीज पुरवणारे यंत्र. गावंडे यांच्या पत्नीने मला पहिल्या पंगतीला बसवले आणि पुरणपोळीवर इतके तूप वाढले की मी हात आडवा धरला. जेवणानंतर गावंडे यांनी मला सगळी शेड हिंडून दाखवली. मी टाक्यांची मापे विचारली. त्यांनी सांगितली. माल कोणाकडून घेता, विचारले. तेही सांगितले. मग मी सहज विचारल्यासारखे विचारले, “ब्राइटनरचं प्रमाण काय हो?”

त्यांनी कोपऱ्यातला एक कॅन उचलून माझ्यासमोर धरला. “हे काय, लेबलवरच छापलं आहे जी. कंपनीतबी हेच होतं. बाकी नजर लागते. ते काही मले सांगता येत नाही.”

म्हणजे गुपित नव्हतेच. मी ते लेबल माझ्या चष्म्यातून वाचले.

पुढे महिनाभराने कंपनीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने काम काढून घेऊन गावंडे यांना दिले. मुकुंदरावांच्या आवाजात प्रथमच भीती होती. पंचवीस कामगार होते त्यांच्याकडे, हे मी नाकारत नाही. दुसरे गिऱ्हाईक जाण्याच्या आत गावंडे यांना थांबवा, एवढेच ते म्हणाले. कसे, ते माझ्यावर सोडले.

मी दावा लिहिला. उत्तम लिहिला. आजही कोणी नवशिक्या वकिलाने तो वाचावा, असा. बावीस वर्षांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले गुप्त प्रमाण, त्याचे अपहरण, भरून न येणारे नुकसान. टाक्यांची संख्या आणि मापे तंतोतंत, ‘खात्रीलायक सूत्रांकडून’ मिळालेली. आणि एक शब्द मी विचारपूर्वक घातला: गुपचूप. स्मरणिकेने तो तिथूनच उचलला आहे.

त्या शब्दाचे प्रयोजन सांगतो. समोरच्याला न ऐकता कोर्टाने एकतर्फी तूर्तातूर्त मनाई द्यावी असे वाटत असेल, तर दोन गोष्टी लागतात. पहिली, तातडी. माहिती हाती येताच आपण धावत आलो, हे दाखवावे लागते. दीड-दोन महिने स्वस्थ बसलेल्याला कोर्ट विचारते, इतके दिवस कुठे होता? दुसरी, प्रामाणिकपणा. समोरचा माणूस हजर नसतो, म्हणून त्याच्या बाजूची गोष्टही आपणच कोर्टाला सांगायची असते. लग्नपत्रिकेसारखी छापलेली निमंत्रणपत्रिका दाखवली असती, तर तातडीही संपली असती आणि ‘गुपचूप’ही. ती मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. मुकुंदरावांनी ठेवायला सांगितली नव्हती. त्यांना या बारकाव्याची कल्पनाही नव्हती.

न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला. “वादीला हे केव्हा समजलं?”

“गेल्या आठवड्यात, सर.”

उद्घाटनाला सात आठवडे झाले होते.

हुकूम मिळाला. दुसऱ्या दिवशी बेलिफ वाघोलीला गेला आणि मी हुकुमाच्या प्रती गावंडे यांच्या चारही गिऱ्हाइकांना स्पीड पोस्टाने पाठवल्या. हे आमच्या धंद्यातले नेहमीचे हत्यार आहे. मनाई फक्त ते ‘गुप्त प्रमाण’ वापरण्यापुरती होती, पण हुकूम कोणी नीट वाचत नाही, त्यावरचा कोर्टाचा शिक्का बघतात. चारही गिऱ्हाइकांनी काम थांबवले. पहिल्याच तारखेला डाव उधळला, हे पान बेचाळीसचे म्हणणे तेवढे खरे आहे.

पुढच्या तारखेला गावंडे यांच्यातर्फे एक तरुण वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी कैफियत दिली. कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर. त्यात कलम सत्तावीस होते, लेबल होते, पण उद्घाटनाचे अवाक्षर नव्हते. मला आश्चर्य वाटले. कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात त्यांनीच मला गाठले.

“सर, पत्रिका आहे माझ्याकडे. फोटो पण आहेत. तुम्ही आहात त्यात.”

“मग लावा.”

“क्लाएंट नको म्हणतो. म्हणतो, वकीलसाहेबांना मी पाहुणे म्हणून बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून नाही. घरी जेवून गेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. मी दोन तास समजावलं, सर. ऐकतच नाही.”

गावंडे दहा पावलांवर भिंतीशी उभे होते. त्यांनी मला पाहून हात जोडले.

वकीलबाईंनी आवाज खाली आणला. “तुम्ही स्वतःहून कोर्टाला सांगाल का, सर? हुकूम उठेल. त्याची शेड वाचेल.”

मी म्हणालो, “तुमच्या अशिलाची केस तुम्ही चालवा. माझी मला चालवू द्या.”

“बरं, सर,” त्या म्हणाल्या. त्या ‘सर’मध्ये आदराचा लवलेश नव्हता, आणि त्यांचे बरोबर होते.

मग तारखा पडत गेल्या. दोनदा मी तहकुबी मागितली, एकदा कोर्टच रजेवर होते. हुकूम कायम राहिला. अकराव्या महिन्यात गावंडे यांनी शेड सोडली. टाक्या भंगारात गेल्या. त्यानंतर मुकुंदराव म्हणाले, “आता दाव्याचं काय काम?” आणि मी दावा काढून घेतला. पुरावा झालाच नाही. चोरी सिद्ध झाली नाही, गुपित सिद्ध झाले नाही, काहीच सिद्ध झाले नाही. ज्याला विजय म्हणून छापले आहे, त्या दाव्याचा निकालच कधी लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी गावंडे मला बुधवार पेठेतच भेटले. दुसऱ्या कोणाच्या प्लेटिंगमध्ये नोकरीला होते आणि मालकासाठी कसलासा मीटर घ्यायला आले होते. रस्त्याच्या मधोमध वाकून नमस्कार केला.

“बरे आहात ना जी?”

मी म्हणालो, “गावंडे, तुमच्याशी मी…”

“सोडा ना साहेब. तुमचा काय दोष? तुम्ही तर अशिलाचं काम केलं.”

पान बेचाळीसइतकीच ही दुसरी हकिकतही मला अमान्य आहे. बार असोसिएशनमधल्या माझ्या वकील मित्रांनाही तीच आवडते. अशिलाने सांगितले, वकिलाने केले. साफ खोटे. अशिलाने फक्त थांबवा म्हटले होते. पत्रिका खणात मी ठेवली. ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्द माझे. व्हरांड्यात तोंड मी बंद ठेवले, कारण तोंड उघडले असते तर माझ्या वकिलीत प्रथमच एका कनिष्ठ वकिलासमोर मला मान खाली घालावी लागली असती. एका माणसाची शेड मी त्यापेक्षा स्वस्त समजलो. गावंडे यांनी मला दोषातून मोकळे करावे, हा त्यांचा मोठेपणा. तो पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.

धडा म्हणाल तर कोरडाच आहे. एकतर्फी हुकूम हाती पडला, तर आधी तो मागणाऱ्याला तातडी केव्हापासून होती ते तपासावे. आणि गिऱ्हाईक असाल, तर शिक्क्याखालचा मजकूरही वाचावा.

शेखर यांनी परवा पुन्हा फोन केला. “काका, सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याने गुपचूप केलं की उघड, आता ठरवणार कसं?”

ठरवणे अवघड नाही. वकीलबाईंकडच्या त्या फोटोत, वाघोलीच्या शेडमध्ये, गळ्यात हार घातलेला एक प्रमुख पाहुणा टाळ्यांच्या गजरात रेक्टिफायरचा पहिला स्विच दाबतो आहे, आणि तो मी आहे.