माहेरचं संत्रं

आई गेल्यावर बाबा अकोल्याच्या घरात एकटे राहिले. मी त्यांची एकुलती लेक, अमरावतीत दिलेली. त्यांच्या देखभालीला एक बाई ठेवली, तर तिलाच चहा करून द्यायला उठले आणि पडले. म्हटलं, आता माझ्याकडे चला.

"लेकीले मूल झाल्याशिवाय तिच्या घरी जेवत नाही आपल्यात," ते म्हणाले. "मले आश्रमात ठेव."

मी पन्नाशीची. मूल झालं नाही ते नाहीच. एवढी संतापले की त्या रीतीलाच आग लावावीशी वाटली. पण ते हलले नाहीत. शेवटी अमरावतीतलाच एक वृद्धाश्रम पाहिला.

दर रविवारी जाते. निघताना ते उशीखालून एक संत्रं काढतात, जेवणात मिळालेलं, न खाता ठेवलेलं, आणि माझ्या ओढणीत टाकतात. माहेराहून लेक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

गेल्या रविवारी उशीखाली काहीच नव्हतं. बराच वेळ चाचपडत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तुले रिकामीच धाडून राहिलो, माय."